उर्हो कांगासच्या गॅरेजमधली थंडी

१

रस्ट लेकमध्ये कुणी गारठून मेलं तर लोक हळहळतात, चकित होत नाहीत. दर हिवाळ्यात एखादा बारमधून पायी निघतो आणि घरी पोचत नाही. पण उर्हो कांगास मेला तो चांगल्या दणकट हीटरखाली खुर्चीत बसून. आणि परगण्याची पोलीस अधिकारी मार्लिस झुपान गॅरेजात शिरली तेव्हा तो हीटर भट्टीसारखा फुरफुरत होता.

तिच्या बुटांवरचा बर्फ बघता बघता वितळला आणि पायाशी थारोळं साचलं. बाहेर पारा उणे तीसच्याही खाली होता. श्वास घेतला की नाकातले केस कडक होत होते. आत मात्र तिला कोट काढावासा वाटला.

म्हातारा नीटनेटका बसला होता. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, टोपीचे कान खाली ओढलेले. डाव्या हातात हातमोजा होता, उजवा हात उघडा. छतावरचा दिवा जळत होता. कामाच्या फळीवर विजेवरचं कॉफीचं भांडं होतं, आटून आटून बुडाशी काळंठिक्कर पडलेलं. भिंतीवरचं हीटरचं बटण पार शेवटच्या टोकापर्यंत फिरवलेलं होतं.

कोपऱ्यात बादली होती. तळ्यावर मासे धरायला जाताना आमिषाला न्यायचे चिमुकले मासे म्हातारा तीत ठेवायचा. मार्लिसने वाकून पाहिलं. कडेनं पाणी सुटलं होतं, पण मध्ये बादलीच्या आकाराचा बर्फाचा ठोकळा तरंगत होता, आणि मासे त्याच्या आत होते.

"डुएन," ती दारातल्या माणसाला म्हणाली, "हा हीटर कधीपासून चालू आहे?"

डुएन कांगास म्हणजे म्हाताऱ्याचा एकुलता मुलगा. शाळेत तो मार्लिसच्या एक वर्ग मागे होता. आता तोही पन्नाशीला आलेला, खाणीत मोठे ट्रक चालवणारा, खांद्यानं रुंद आणि बोलायला तुटक.

"सकाळपासून. ब्रेकर पडला होता, वीज तुटलेली. जोलीननं घराच्या तळघरातल्या पेटीशी जाऊन वर केला. पण तोवर..." त्यानं खुर्चीकडे न बघता हात केला. "त्या कॉफीच्या भांड्यामुळेच पडला असणार. आणि समोरच्या लुडीच्या वायरिंगमुळे. मी तेव्हाच सांगत होतो, रीतसर माणूस बोलवू. पण पपांना लुडीशिवाय कुणाचा भरवसा? आता भोगा म्हणावं."

"भोगून झालं त्यांचं," मार्लिस म्हणाली.

ती बादलीपाशीच उभी होती. एवढा ठोकळा घटकाभरात होत नाही. हीटर रात्रभर थंड पडून होता. मग मेलेल्या हीटरखाली उर्हो कांगास रात्रभर बसला तरी का? तीस पावलांवर त्याचं स्वतःचं घर होतं!

२

जोलीननं कॉफी केली, पण कप पुढे ठेवायला विसरली आणि भांडं हातात धरूनच बसली. ती डुएनची बायको, शाळेच्या स्वैपाकघरात काम करायची. गावात तिच्याविषयी वाईट बोलणारं कुणी नव्हतं. सासऱ्याचं जेवण दोन्ही वेळा ती गॅरेजात नेऊन द्यायची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"ते गॅरेजात राहायला गेलेच कशाला?" मार्लिसनं विचारलं.

"सौनापायी. तुम्हाला माहीत नाही?"

गावात हे कुणाला माहीत नव्हतं? उर्होनं तरुणपणी स्वतःच्या हातांनी लाकडी ओंडक्यांचं सौना, चूल पेटवून वाफेत घाम काढायचं फिनिश न्हाणीघर, बांधलं होतं, घर बांधायच्याही आधी. डुएन जन्मला तो त्यातच. आणि गेल्या शरदात डुएननं ते पाडलं, बर्फावर चालवायच्या गाड्या ठेवायला शेड हवी म्हणून. म्हातारा हृदयाच्या डॉक्टरकडून परतला तेव्हा ओंडके ढिगानं पडले होते आणि चूल अंगणात उलटी. त्यानं गॅरेजात खाट टाकली आणि म्हणाला, 'ज्यानं सौना पाडलं त्याच्या छपराखाली मी निजणार नाही.'

"घर त्यांच्याच नावावर होतं हो," जोलीन म्हणाली. "मी म्हटलं, पपा, छप्पर तुमचंच आहे. तर म्हणाले, मग गॅरेजही माझंच. असे हट्टी. बाप तसा लेक. एक म्हणतो तो माफी मागू दे, दुसरा म्हणतो तो आत येऊ दे. आणि मी मध्ये जेवणाची थाळी घेऊन बर्फातून येरझाऱ्या घालते."

"काल रात्री?"

"काल मी झोपेची गोळी घेऊन झोपले. सकाळी उठून खिडकीतून पाहिलं तर गॅरेजात दिवा. म्हटलं, अजून तिथेच? धावत गेले तर..." तिनं कॉफीचं भांडं खाली ठेवलं आणि ती रडू लागली. "हात लावला तर लाकूड. तशीच तळघरात पळाले. ब्रेकर बंद दिसला. अंगठ्यानं ढकलला, खट् झालं, वर हीटर सुरू झाल्याचा आवाज आला. आता काय उपयोग, पण मला वाटलं त्यांना गार लागत असेल. वेडेपणाच."

मार्लिस तिच्याकडे बघत राहिली. बाईचं रडणं खरं होतं. वीस वर्षांच्या नोकरीत खोटं रडणं तिनं पुष्कळ पाहिलं होतं.

बैठकीच्या खोलीत सोफ्यावर स्वच्छ चादर घातली होती. वर उशी, पायाशी जाड गोधडी, एक कोपरा उलगडून ठेवलेला.

"कुणी पाहुणे येणार होते?"

"नाही... ते असंच असतं," जोलीन म्हणाली आणि उठून कप विसळायला लागली.

निघताना मार्लिसनं स्वैपाकघराच्या दारामागून कोट घेतला. दाराला आतून नवीकोरी कडी होती. स्क्रू चकाकत होते, आणि खाली पायपुसण्यावर लाकडाचा ताजा भुसा पडला होता. बाहेर पायरी उतरताना तिचा बूट कशात तरी रुतला. तिनं वाकून ओढलं. लोकरीचा जाड हातमोजा होता, थिजून फळकुटासारखा झालेला.

मोजा उजव्या हाताचा होता.

३

लुडी ग्रेगोरिच रस्त्याच्या पलीकडे राहायचा. खाणीत आयुष्यभर इलेक्ट्रिशियन. निवृत्त झाल्यावर परवाना नव्यानं घ्यायचं त्यानं मनावर घेतलं नव्हतं, आणि डुएनच्या तोंडी आता तेच होतं. दुपारपर्यंत ते गावातल्या कॅफेच्याही तोंडी झालं.

"ये, पोरी, ये. बेड्या आणल्यास का?" त्यानं दार उघडताच विचारलं. "का आधी कॉफी पिऊन मग नेणार?"

"लुडी, टोमणे नंतर मारा. हीटर कसा बसवलात ते सांगा."

"माणसानं बसवावा तसा. हा बघ हात, थरथरतो, पण वायर जोडताना थरथरत नाही." तो खुर्चीत आदळला. "आधी त्याच्याकडे काय होतं माहीत आहे? बाजारातला छोटा हीटर. तो पातळशा एक्स्टेंशनच्या वायरीवर लावलेला, आणि वायर गालिच्याखालून नेलेली! एक दिवस गेलो तर जळका वास. गालिचा उचलला तर वायर वितळून जमिनीला चिकटलेली. शेजारी पेट्रोलचा डबा. मी म्हटलं, उर्हो, तुला मरायचंच आहे तर तळ्यात जा, गल्ली कशाला जाळतोस?"

"मग?"

"मग मोठा आणला. दोनशे चाळीस व्होल्टचा. पेटीपासून त्याची एकट्याची जाड वायर ओढली, त्याचा एकट्याचा ब्रेकर. त्या वायरीवर दुसरं काही म्हणजे काही नाही. छताच्या तुळईला पोलादी कंसानं टांगला, तोंड मोकळ्या जागेकडे. समोर तीन फूट काही ठेवायचं नाही म्हणून जमिनीवर रंगानं रेघ मारून दिली. डबे, चिंध्या, रंग, सगळं बाहेरच्या शेडमध्ये नेऊन टाकलं. बटणावर खूण केली. या खुणेपुढे तो कधी गेला नाही. जास्त गरम झालं की त्याच्या नाकातून रक्त यायचं."

"आज बटण पार टोकाला होतं."

लुडी सावकाश म्हणाला, "म्हणजे गरम होत नव्हतं, म्हणून फिरवत गेला."

"आणि तो जुना छोटा हीटर? तो का नाही लावला त्यानं? दिवा चालू होता, भिंतीतली वीज चालू होती."

लुडी उठला, खिडकीशी गेला आणि पाठमोरा बोलला. "त्याचा प्लग मी कापला. पकडीनं, त्याच्या देखत. म्हटलं, आता तुला मोह नको. तो हसला. म्हणाला, लुडी, तू माझ्या आईपेक्षा वाईट आहेस."

त्यानं बाहीनं काचेवरचं धुकं पुसलं.

"ही खिडकी दिसते ना?" लुडी म्हणाला. "इथे रात्रभर दिवा असतो, मला झोप लागत नाही. त्याच्या गॅरेजातून सरळ दिसतो. माझ्याकडे का नाही आला तो? ते शोध तू. माझ्या वायरीत खोट निघाली तर ने मला. पण हे आधी शोध."

४

तिच्या साहेबाला, शेरीफला, शोधात रस नव्हता. "मार्लिस, विनापरवाना काम, हीटर बंद, माणूस मेला. ग्रेगोरिचवर निष्काळजीपणाचा खटला भर आणि मोकळी हो. मुलगा तक्रार द्यायला तयार आहे."

"वायरिंग मी पाहिलं. ठीक आहे."

"मग ब्रेकर पडला कशानं?"

कॉफीच्या भांड्यानं पडणं शक्य नव्हतं. भांडं दिव्याच्या वायरीवर होतं आणि दिवा तर सकाळीही जळत होता. हीटरच्या वायरीवर हीटर सोडून काहीच नव्हतं. आणि सकाळपासून तोच हीटर बिनतक्रार चालत होता. निरोगी वायर, निरोगी हीटर, आणि मध्येच पडलेला ब्रेकर. यात कुठेतरी खोट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या स्वैपाकघरात उभी होती. घाईत तिनं टोस्टर आणि कॉफीचं भांडं एकदम लावलं आणि व्हायचं ते झालं. ओट्यावरची वीज गेली. शिव्या देत ती पेटीशी गेली. पडलेल्या ब्रेकरचा खटका नेहमीसारखा अधांतरी उभा होता, धड चालूकडे नाही, धड बंदकडे नाही. सवयीनं तिनं तो आधी पूर्ण बंदकडे दाबला आणि मग चालूकडे सारला.

खटक्यावरचा हात तिथेच राहिला.

तिनं तो पुन्हा मुद्दाम पाडला. अधांतरी खटका नुसताच चालूकडे ढकलून पाहिला. तो परत आला. पुन्हा ढकलला, पुन्हा परत. आधी बंद केल्याशिवाय तो मुळी धरतच नव्हता.

*अंगठ्यानं ढकलला, खट् झालं*, असं जोलीन म्हणाली होती.

एका ढकलीत धरला, म्हणजे कांगासांच्या तळघरातला ब्रेकर आपोआप पडलाच नव्हता. तो कुणीतरी हातानं बंद केला होता.

टोस्ट तसाच टाकून मार्लिस गाडीकडे निघाली. गाडी चालवताना तिच्या डोळ्यांपुढे मात्र ब्रेकर नव्हता. सोफ्यावरची उलगडलेली गोधडी होती.

५

तिनं दोघांना स्वैपाकघराच्या टेबलाशी बसवलं. मधे जोलीननं केलेल्या ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्यांचं भांडं होतं, शेजाऱ्यांनी दिलेल्या पावाशेजारी. कुणी त्याला शिवलं नव्हतं.

"लुडीचं काम चोख आहे," मार्लिस म्हणाली. "हीटर चांगला आहे, वायर चांगली आहे. ब्रेकर या घरातून कुणीतरी हातानं बंद केला. घरात तुम्ही दोघंच होतात."

डुएन ताडकन उठला. "मी बापाला मारला म्हणतेस?"

"बस खाली. ज्यानं हीटर बंद केला त्याला उर्हो मरायला नको होता. मारायचं असतं तर त्याच्यासाठी सोफ्यावर अंथरूण घातलं नसतं." ती जोलीनकडे वळली. "हो ना?"

जोलीननं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"मला ते आत यायला हवे होते," ती म्हणाली. आवाज इतका लहान, की डुएनला वाकावं लागलं. "नाताळ गेला, नवं वर्ष गेलं. ते तिथे, हा इथे. मी रोज सांगून थकले. रेडिओवर सांगितलं, आज यंदाची सगळ्यात कडक रात्र. म्हटलं, गारठा सुटला की येतील. त्यांच्याकडे किल्ली होती. येतील, सोफ्यावर निजतील, सकाळी हा उठून बघेल, आणि एकदाचं संपेल. एका रात्रीचा तर प्रश्न होता. मी हीटर बंद केला, गोळी घेतली आणि झोपले. किती दिवसांनी मला चांगली झोप लागली!"

"तू?" डुएनच्या तोंडून एवढंच निघालं. "तू बंद केलास?"

"आणि तू कडी घातलीस," मार्लिस म्हणाली.

त्यानं मान वळवून दाराकडे पाहिलं.

"उर्हो आला होता, डुएन. हीटर गार पडला, बटण फिरवून पाहिलं, कॉफी उकळून उकळून हात शेकले, आणि शेवटी मान खाली घालून तो या दारापर्यंत आला. किल्ली फिरवायला त्यानं उजव्या हातातला मोजा काढला. तो पायरीवर पडला, थिजलेल्या बोटांना उचलता आला नाही. किल्लीनं कुलूप उघडलं, पण दार उघडलं नाही. कडी नवी आहे. भुसासुद्धा झाडलेला नाही. कधी बसवलीस?"

"त्याच रात्री, ही झोपल्यावर." डुएन पुन्हा खुर्चीत बसला. "मला काय माहीत हीटर बंद आहे? खिडकीतून पाहिलं तर दिवा लख्ख! म्हटलं, बसलाय आरामात. रोज मी झोपलो की चोरासारखा आत यायचा, मोरीत जायचा, फडताळातला पाव घ्यायचा, आणि मी उठायच्या आत पसार. सकाळी तोंड फिरवायला पुन्हा तयार. मला त्यानं दार वाजवायला हवं होतं. एकदा. 'डुएन, दार उघड' म्हणायला हवं होतं. बस, एवढंच. मी लगेच उघडलं असतं."

मार्लिसनं पुढचा प्रश्न विचारायच्या आधी खिडकीबाहेर पाहिलं. तिला तो विचारावासा वाटत नव्हता.

"त्यानं वाजवलं?"

डुएननं बटाट्यांचं भांडं थोडं बाजूला सरकवलं.

"डुएन?" जोलीननं विचारलं. "वाजवलं त्यांनी?"

"एकदा," तो म्हणाला. "मी जागाच होतो. दोन ठोके. हळू. मी पायऱ्यांपर्यंत आलो. म्हटलं, आता हाक मारेल. आता पुन्हा वाजवेल. मी पायरीवर बसून राहिलो. दुसऱ्यांदा वाजवलं की उघडायचं, असं ठरवून."

"आणि?"

"तो माझा बाप होता. तो कधी कुणाचं दार दोनदा वाजवायचा नाही."

जोलीनच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता. मार्लिस उठली. तिला आता लुडीच्या प्रश्नाचंही उत्तर मिळालं होतं. रस्त्यापलीकडच्या उजेडात जायचं तर उर्होला दारात उभं राहून सांगावं लागलं असतं, की माझ्या लेकानं मला कडी लावली. हृदय आधीच कमजोर झालेलं. तो परत गेला, टोपीचे कान ओढून घेतले, आणि खुर्चीत बसला. अंगणात पूर्वी जिथे लाकडं पेटवून माणूस पाव तासात घामाघूम व्हायचा, तिथे आता लेकाच्या बर्फगाड्या उभ्या होत्या.

६

सरकारी वकिलानं कागद वाचले आणि चष्मा काढला. "आरोपी कोणाला करू? बायकोनं आपल्याच घरातला एक ब्रेकर बंद केला. नवऱ्यानं आपल्याच घराची कडी लावली. दोघांना एकमेकांचं ठाऊक नाही. कोर्टात कुठलंही बारा जणांचं ज्यूरी मंडळ यांना सोडून देईल, आणि सोडायलाच हवं." अपघाती मृत्यू, असा शेरा पडला.

लुडीवर काही आलं नाही. मार्लिसनं स्वतः जाऊन त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माझ्या वायरीत खोट निघाली असती तर बरं झालं असतं, पोरी." गावानं मात्र त्याला पुन्हा कुणाच्या घरी कामाला बोलावलं नाही. खटला नाही भरला, तरी आग असल्याशिवाय धूर निघतो होय, असं कॅफेत म्हणायचे. डुएननं तक्रार मागे घेतली, पण ती खोटी होती असं तो कुणाला बोलला नाही.

मार्चच्या शेवटाला, दुपारची, जोलीन मार्लिसच्या कचेरीत आली. अंगात जाड कोट, हातात लहानशी बॅग.

"मला आत घ्या," ती म्हणाली.

"जोलीन, सांगितलं ना तुला. केस बंद झाली."

"पुन्हा उघडा. मी लिहून देते. मी त्यांना मारलं, मुद्दाम मारलं, काय लिहायचं ते सांगा." तिनं बॅग टेबलावर ठेवली. "कपडे आणलेत. दात घासायचा ब्रशही आणलाय."

"खोटी कबुली मी घेणार नाही."

"मग खरी घ्या! खरी कुठे वेगळी आहे?" ती खाली बसली. "तो मला म्हणत नाही, तू मारलंस. मीही त्याला म्हणत नाही. आम्ही मीठ दे, पाव दे, एवढंच बोलतो. रात्री तो पायरीवर जाऊन बसतो. अंधारात, तासन् तास. मी वरून बघते. त्यानं एकदा म्हणावं, तुझ्यामुळे. मी एकदा ओरडावं, तुझ्यामुळे. तेही होत नाही. इथे निदान कुणी शिक्षा सांगेल. इतके दिवस, असं काहीतरी. मोजता तरी येईल."

मार्लिसनं तिच्यासमोर कॉफी ठेवली. कायद्याची सगळी पुस्तकं तिच्या मागच्या फळीवर होती. त्यांत या बाईसाठी एक ओळ नव्हती.

"ड्यूलूथला बहीण आहे ना तुझी? तिच्याकडे जा थोडे दिवस."

"तिला काय सांगू?"

मार्लिसनं कप तिच्या जवळ सरकवला. कॉफी गार झाली. मग तिनं कोटाची चेन वर ओढली, बॅग उचलली आणि आभार मानून निघाली. शेजाऱ्याकडून साखर उसनी नेताना मानावेत तसे.

मार्लिस खिडकीशी उभी राहिली. खाली आवारात डुएनची गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. त्यानं तिला आणून सोडलं होतं, आणि तो थांबला होता. ती सुटून येईल की आत राहील, याची वाट बघत असावा. ती दिसताच त्यानं आडवं होऊन शेजारच्या सीटचं दार आतून उघडलं.

जोलीन त्या उघड्या दारापाशी आली, क्षणभर थांबली, मग मागचं दार उघडून मागे बसली.

पुढचं दार तसंच उघडं होतं. बाहेर अजून कडाका होता. डुएन स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिला. मग हात लांब करून त्यानं ते ओढून घेतलं आणि गाडी घराच्या रस्त्याला लावली.